एकवाडीचं जेवण

नातवाचं, आमच्या दिग्विजयचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार बावीसला, नातसून नार्सिसानं सोलापुरात खानावळ काढली. ती इक्वाडोर देशातली, समुद्रकाठची. शेंगदाण्याच्या वाटणात मासा आणि कच्ची केळी, हे तिच्या माहेरचं जेवण. पहिल्याच दिवशी एक गिऱ्हाईक ताट बघून उठलं.

"कच्च्या केळात मासा? कुटलं म्हणायचं ह्ये जेवण?"

गल्ल्यावर माझी बायको बजाबाई बसली होती. ती म्हणाली, "एकवाडीचं. उजनी धरणात बुडालं गाव. आता हितंच मिळतंय."

गिऱ्हाईक खाली बसलं. जेवलं, वर रस्सा मागून घेतला.

घरी आल्यावर मी हसलो. "अगं, एकवाडी न्हवं, इक्वाडोर. लांबचा देश हाय त्यो."

"म्हाईत हाय की मला. परदेशाचं म्हणलं तर लोक हसत्यात. माझं माहेर धरणात बुडालं, त्याला कुणी हसत न्हाई. तेच दिलं पोरीला."

आता खानावळीत बसायला जागा मिळत नाही. उजनीकाठचे लोक येतात आणि एकवाडीत आपलं कोण कोण होतं, ते नार्सिसाला सांगत बसतात.

बजाबाई गेल्या पौषात वारली.