पाणवठ्यावरचं सारवण

सिद्धगडच्या रानात आता एकही बिबळ्या उरला नाही, असं एकसष्ट साली सगळेच म्हणायला लागले होते. मोजणीसाठी ठसे मिळावेत म्हणून जंगलखात्याच्या कमळूने पाणवठ्याच्या वाटेवर मऊ माती चाळून पसरली. संध्याकाळी पाण्याला आलेल्या रखमीला वाटलं, उद्या शहापूरचे साहेब यायचे आणि वाट ही अशी धुळीने माखलेली! तिने माती झाडून काढली आणि वाट शेणाने सारवून ठेवली. सकाळी कमळूने कपाळावर हात मारला. "काय केलंस गो वैनी! आता साहेबाला काय दाखवू?" ओशाळलेली रखमी खाली बघत राहिली, आणि बघता बघता हसायलाच लागली. सारवणात बिबळ्याची ठसठशीत पावलं उमटली होती, आणि त्यांच्याभोवती बागडलेली रुपयाएवढी इवलीशी पावलं. "लेकुरवाळी हाय रे!" संध्याकाळी कमळूच शेणाची पाटी घेऊन दारात उभा. "वैनी गो, आज पण सारवशील?"