कारणाचा रकाना

"वर्षभर थांबतेस? आई, तुला वेड लागलंय का?"

इत्झेल इतकी ओरडली, की समुपदेशक फाम सरांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. तिची आई ग्रासिएला मात्र टेबलावरच्या अर्जात आपलं नाव सावकाश, एकेक अक्षर घोटत लिहीत राहिली.

सेहेचाळिसाव्या वर्षी ग्रासिएलाला फ्रेझ्नोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. सहा वर्षं ती दिवसभर संत्र्यांच्या पेट्या भरायची आणि संध्याकाळी या कम्युनिटी कॉलेजात, विद्यापीठाच्या आधीच्या पायरीवर, शिकायची. विद्यापीठाचं पत्र आलं त्या दिवशी सगळी गल्ली घरी जेवायला होती. आणि आज, होकार कळवायच्या शेवटच्या दिवशी, बाईसाहेब म्हणत होत्या, एक वर्ष सुट्टी घेते.

"गुडघे दुखतात गं."

"तिथे बसून शिकायचंय. नाचायला नाही बोलावलेलं."

"आणि कुत्र्याला कोण बघेल?"

"कुत्राच तुला बघतो, आई!"

फाम सर खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते. इत्झेल हसली नाही. एकदा थांबलेल्या माणसाचे पाय परत वर्गाकडे वळत नाहीत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ती याच कॉलेजात होती, आईच्या एक वर्ष मागे. गणितात दुसऱ्यांदा नापास झाली आणि जानेवारीत 'जरा थांबू' म्हणत तिने जाणंच सोडलं. तरी रोज सकाळी दप्तर पाठीला लावून निघायची आणि मैत्रिणीच्या पार्लरमध्ये कापलेले केस झाडायची. घरी कुणाला पत्ता नव्हता. निदान आईने तरी पार पोचावं, म्हणून तिचा जीव तुटत होता.

"थांबलीस की संपलं," ती आता हळू आवाजात म्हणाली. "परत येणं फार जड जातं, आई. मी... मी बघितलंय."

"म्हणूनच थांबतेय," ग्रासिएला म्हणाली आणि तिने अर्ज पुढे सरकवला.

फाम सरांनी चष्मा चढवला. इत्झेलनेही वाकून पाहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'मला सोबत हवी. माझी मुलगी वर्षभर मागे आहे.'

इत्झेलची कानशिलं तापली. "तुला कधी कळलं?"

"फेब्रुवारीत. डबा विसरली होतीस, तो द्यायला गणिताच्या वर्गात गेले. सर म्हणाले, 'कोण इत्झेल?'"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू दुसरी थाप शोधली असतीस."

फाम सरांना एकदम खोकला आला. इत्झेलला खरं तर रडू येत होतं, पण आधी हसूच फुटलं. बाहीने डोळे पुसत ती उठली.

"सर, उन्हाळी वर्गांची नोंदणी अजून चालू आहे?"

"आजचाच दिवस आहे. पण नंबराच्या चिठ्ठ्या सकाळी आठलाच संपल्या."

ग्रासिएलाने पर्समधून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि लेकीच्या हातावर ठेवली.

"पळ. सहा वाजता येऊन तुझा नंबर लावलाय मी."