मातीच्या आधी

दाक्षायणी गेल्याचं सकाळी कळलं आणि दुपारपर्यंत तिच्या माहेरची, अक्कलकोटकडची सगळी माणसं भवानी पेठेत जमली. तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला विभूती होती, गळ्यात फुलं होती. पुरायचा खड्डा तयार असल्याचा निरोप आला, तसा तिचा नवरा चनबसप्पा उठला, उंबऱ्यात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "ज्याला माती द्यायची हाय त्यानं आधी रक्त द्यायचं."

कुणाला काही उमगलं नाही. मग त्याच्या बाजूला गोदावरीबाई दिसल्या. दाक्षायणीच्या प्रयोगशाळेत त्या मदतनीस होत्या. रडून त्यांचे डोळे सुजले होते. हातात सुयांचा आणि काचेच्या नळ्यांचा डबा होता, पायाशी बर्फ भरलेला थर्मास.

दाक्षायणी मेडिकल कॉलेजात संशोधन करायची. काही घरांत जन्मतः बहिरी मुलं का होतात, हा तिचा विषय. आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या प्रत्येक गुणाची गुणसूत्रांवर एक ठरलेली जागा असते. बहिरेपणाची जागा तिला शोधायची होती. जे दोन गुण शेजारी शेजारी असतात ते बहुधा बरोबरच उतरतात. म्हणून बहिरेपणा कुठल्या रक्तगटाच्या सोबतीनं चालतो, ते ती पाहायची. त्यासाठी एका घरातल्या सगळ्यांचं रक्त लागायचं. ती गावोगाव हिंडली. चनबसप्पा चादरींचं दुकान बंद करून थर्मास धरायला बरोबर जायचा. लोकांनी आधी कुरकुर केली, मग दिलं. एका घरानं मात्र तिला दारातूनच परतवून लावलं. ते तिचं माहेर होतं.

तिचे दोन्ही धाकटे भाऊ जन्मापासून बहिरे. वडील मल्लप्पा यांनी बहिणीचीच मुलगी केली होती. त्यांच्यात तशी रीत होती. पोरीनं शिकून बापाचंच रक्त तपासायचं, एवढे वाईट दिवस आले नाहीत, असं ते म्हणाले होते. भाऊबंदांनीही त्यांचीच री ओढली. घरात लग्नाच्या पोरी होत्या. घराचं नाव असल्या कामात निघालं की स्थळं येणं थांबेल, असं सगळे सांगायचे.

दाक्षायणीला कावीळ झाली ती बहुतेक कामातली सुई बोटात शिरून, असं डॉक्टर म्हणाले. रक्ताच्या नादानं गेली, असं पाहुण्यांनी आल्या आल्या बोलून घेतलं होतं. चनबसप्पानं ते ऐकलं होतं.

"मयताच्या घरात चूल पेटवत न्हाईत, आन् ह्यो रक्त मागतोय," मागं कुणीतरी म्हणालं. चुलती शिवम्मा म्हणाली, दुःखानं डोकं फिरलंय त्याचं, मनावर घेऊ नका. काहींनी विधीला आलेल्या जंगमस्वामींना विचारलं. स्वामींनी विचार करून सांगितलं की असं करा म्हणून कुठं सांगितलेलं नाही, आणि करू नका असंही नाही. मग त्यांनी हळूच गोदावरीबाईंना विचारलं, माझंही लागेल का. नाही लागणार म्हटल्यावर ते भिंतीला टेकून निवांत बसले.

मल्लप्पा पुढं आले. "जावईबापू, बाजूला व्हा. माझी पोर हाय ती."

"व्हय मामा, तुमचीच हाय," चनबसप्पा म्हणाला. "म्हणूनच तुमचं लागतंय. ती मागून मागून गेली. आता मी मागतोय. आन् मी हितनं हलणार न्हाय."

तेवढ्यात धाकटा भाऊ सिद्धप्पा गर्दीतून पुढं आला. त्याला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं बहिणीचा डबा ओळखला. तो गोदावरीबाईंच्या समोर बसला आणि बाही वर केली. त्याच्यामागं दोघांतला थोरला बसला. मल्लप्पांनी सिद्धप्पाच्या दंडाला धरून त्याला उठवायला सुरुवात केली.

तेव्हा दाक्षायणीच्या आई, सावित्रम्मा, लेकीजवळून उठल्या. चारचौघांत त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्या मुलाशेजारी जाऊन बसल्या आणि हात पुढं केला.

"माझंबी घ्या. दोन पोरं अशी निघाली तर सगळ्यांनी माझ्या पोटाला नावं ठेवली. ह्यांनीबी ठेवली. असं पोर एकट्या आईमुळं होत न्हाय, हे दाक्षायणीनं मला चुलीपुढं बसून सांगितलंय. अर्धं माझ्याकडनं येतंय, अर्धं ह्यांच्याकडनं. पोरींच्या लग्नाचं निमित्त हाय. ह्यांना भ्या त्या अर्ध्याचं हाय."

मल्लप्पांनी सिद्धप्पाचा दंड सोडला. त्यांनी एकदा मुलीकडं पाहिलं, वहाणा घातल्या आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागले. त्यांना वाट देण्यापुरता चनबसप्पा उंबऱ्यातून बाजूला झाला आणि पुन्हा उभा राहिला. कुणी त्यांना हाक मारली नाही.

मग एकेकजण बसू लागला. शिवम्मानं सुईला शिव्या दिल्या, पण दिलं. ऊन उतरताना दाक्षायणीला माती दिली.

परतल्यावर गोदावरीबाईंनी नळ्या बर्फात नीट लावल्या. तपासण्या मी करीन, बाईंनी मला शिकवलंय, असं त्यांनी चनबसप्पाला सांगितलं. पण बापाचं रक्त नाही, तर मुलांना कुठला वाटा कुणाकडून आला हे ठरवता येणार नाही, हेही सांगितलं.

सावित्रम्मा हाताची माती धूत होत्या. त्यांनी ऐकलं.

"जातील कुटं? घरीच येनार की," त्या म्हणाल्या. "जेवायला माझ्याच हातचं लागतंय त्यांना. सुई कशी धरायची तेवढं मला दाखवा."

चनबसप्पानं आपला हात पुढं केला. पहिल्यांदा सावित्रम्मांची सुई चुकली. दुसऱ्यांदा रक्त आलं.

मल्लप्पांचं रक्त घ्यायचं राहिलं आहे.