फळ्यावरचं बदक

तळ्याच्या फाटकाजवळ पक्ष्यांच्या नोंदींचा फळा होता. त्यावर खडूने लिहिलं होतं, ‘लाल छातीचं बदक. एक. उत्तर काठ.’ अक्षर दादाचं होतं. मास्तरकी करणाऱ्या थोरल्या भावाचं ते वळण शिंप्याने लांबूनच ओळखलं.

सात वर्षांपूर्वी याच फळ्यावर हेच बदक त्याने लिहिलं होतं. दादाने ते सगळ्यांदेखत पुसलं. “साधं बदक होतं. उन्हाने लाल दिसलं तुला.” झालं! तेवढ्यावरून दोघं सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. माणसं जमिनीवरून भांडतात, यांनी बदकावरून अबोला धरला. शिंप्याने तळ्याची वाटच सोडली. आज सकाळी दाढी करताना मात्र आरशात त्याला हुबेहूब दादाच दिसला, आणि राहवेना.

“चला, उत्तर काठावर!” कॅमेरेवाले धावत सुटले.

“काही उपयोग नाही,” एक बाई म्हणाल्या. “मास्तर दर हिवाळ्यात हेच लिहितात. दिसत मात्र कुणालाच नाही.”

शिंपी मिशीत हसला. दिसेल कसं? गर्दी नको म्हणून फळ्यावर काठ उलटा लिहायचा, हे दोघा भावांनी लहानपणीच ठरवलं होतं. पक्ष्याबाबत मात्र दादा अक्षरही खोटं चालवून घ्यायचा नाही. एकदा नुसतं ‘बहुतेक’ लिहिलं, तर त्याने कान पिळला होता. ते दिवस आठवून शिंप्याला भरून आलं.

तो दक्षिण काठाने निघाला. म्हणजे दादाला अखेर ते बदक दिसलं तर! आता तरी तो चूक कबूल करेल. नाही केली, तर आल्या पावली परत फिरायचं आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही, असं शिंप्याने मनाशी पक्कं केलं.

झुडपांमागच्या बाकावर दादा एकटाच बसला होता. केस पार पांढरे झाले होते.

“कुठंय बदक?” शिंप्याने विचारलं.

दादाने वळून त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग सरकून बाकावर जागा केली.

“बदक कुठलं रे? सात हिवाळे झाले, फळ्यावर तेच खोटं लिहितोय. एक दिवस तू वाचशील म्हणून.”