अठ्ठावीस मार्क

२०१८च्या जूनमध्ये तलासरीकडच्या आमच्या आश्रमशाळेत नवं सॉफ्टवेअर आलं. मुलांची माहिती भरली की कोणाला किती मार्क पडतील ते आधीच सांगायचं. नववीतल्या गंगीला त्याने गणितात अठ्ठावीस दिले.

"पण मॅडम, त्याने मला काहीच विचारलं नाय," गंगी म्हणाली.

"तुला कशाला विचारेल? तुझा बाप किती शिकलाय ते विचारलं त्याने," सुषमा मॅडम म्हणाल्या.

सहामाहीत गंगीला एकाहत्तर पडले. कॉपी केली असणार, म्हणून हेडमास्तरांनी तिला ऑफिसात एकटीला बसवून नवा पेपर दिला. त्यात चौऱ्याहत्तर पडले.

"आता किती भरू, सर?" मॅडमनी विचारलं.

"अठ्ठावीसच भरा. अंदाज चुकला की वरून माणूस येतो चौकशीला. एका पोरीपायी कोण बोलावणार त्याला?"

दिवाळीच्या सुट्टीला गंगीचा बाप बाबल्या तिला न्यायला आला. पोरगी पास झाली तर शाळेतच ठेवायची, नापास झाली तर यंदा वीटभट्टीवर न्यायची, असं त्याने ठरवलं होतं. मॅडमनी त्याला स्क्रीनवरचे अठ्ठावीस दाखवले.

"बाबा, मला चौऱ्याहत्तर पडलेत," गंगी म्हणाली.

"मशीनपेक्षा तुला जास्त कळतं काय?" बाबल्याने तिची पेटी उचलली.

जानेवारीत मॅडमनी गंगीच्या नावापुढे 'शाळा सोडली' असं भरलं. सॉफ्टवेअरने तेही जूनमध्येच सांगितलं होतं.