तीन जुलै

"खुर्च्या रिकाम्या आहेत हो सगळ्या!" हॉस्पिटलची मोठी नर्स फोनवर नुसती कडाडत होती. "औषधं तयार आहेत, सलाइनचे स्टँड उभे आहेत आणि माणसांचा पत्ता नाही. केमो आहे ही, केस कापायचं दुकान नाही. मनात आलं की आले, नाही तर नाही!"

इकडे हॉस्पिटलचं अ‍ॅप बनवणाऱ्या ऑफिसात तिने फोन खांद्यात धरला आणि एका हाताने स्वतःचा कोड उघडला. सर्व्हरकडून पेशंटच्या फोनकडे जी माहिती जाते, तिच्यात तारीख कशी लिहायची हे ठरवणारी एकच ओळ होती. रिपोर्ट बघणाऱ्या कुणाला तरी महिना आधी हवा होता, म्हणून मागच्या महिन्यात तिनेच ती बदलली होती; बदल लागू झाला तो कालच.

फोनमधलं अ‍ॅप मात्र जुन्या सवयीने दिवसच आधी वाचत होतं. आजच्या सहा मार्चचं तीन जून झालं होतं, उद्याच्या सात मार्चचं तीन जुलै. बाराच्या पुढे महिनाच नसल्यामुळे तेरापासूनच्या तारखा अ‍ॅप आपसूक उलट वाचायचं आणि बरोबर दाखवायचं. तिने तपासून पाहिलेल्या सगळ्या तारखा नेमक्या महिनाअखेरच्या होत्या. तेव्हा सगळं कसं झकास चाललं होतं.

ओळ दुरुस्त करायला काहीच वेळ लागला नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आता कुणी कसंही वाचलं तरी गोंधळ व्हायला नको. दुरुस्ती सगळ्यांना पाठवायला ती माऊसकडे हात नेणार तोच आजोबांनी तिला थांबवलं. टीममध्ये सगळ्यांत मोठा म्हणून त्याला आजोबा म्हणायचे. वय जेमतेम चाळीस.

"आधी उद्याच्या लोकांना फोन करू. बटण दाबलंस की प्रत्येकाच्या फोनवर टिंग करून 'तुमची तारीख बदलली आहे' असं जाणार. ते काय सगळेच वाचतात? आणि वाचलं तर घाबरतील."

नंबर वाटून घेतले. जो तो खिडकी, जिना, कॉफीचं मशीन असा कोपरा पकडून बोलू लागला. सॉरी, चूक आमची आहे, उद्याच या. लोक चिडले, काही हसले, एकाने तर तिच्या हुशारीचा उद्धार केला. तिला बरंच वाटलं. शिव्या खाल्ल्या की तेवढं ओझं उतरल्यासारखं होत होतं. ती जागेवर बसेना; फोन लावायचा, दोन फेऱ्या मारायच्या, पुन्हा लावायचा.

शेवटचा नंबर तिने जागेवर बसून, हात माऊसवर ठेवून लावला.

"हॉस्पिटलातून का? बोल बाई, बोल!" पलीकडे एक बाई होत्या, आवाज बारीक पण उत्साही. "अगं, तीन जुलै बघितली मी फोनवर. मी यांना म्हटलं, बघा, डॉक्टर तोंडाने काही बोलत नाहीत, पण चार महिने मोकळं सोडलंय म्हणजे काय ते समजा. कालपासून माझी भूक अशी खवळलीये म्हणून सांगू! थांब हं, हात खरकटे आहेत माझे. अहो, घ्या हो जरा फोन."

घोकून ठेवलेलं वाक्य म्हणायच्या आतच फोन नवऱ्याच्या हातात गेला होता.

"बोला," तो म्हणाला.

तिने सांगितलं. अ‍ॅपची चूक, तीन जुलै नाही, सात मार्च. उद्या सकाळी, नेहमीसारखं. शेवटचे शब्द ती इतक्या हळू बोलली की त्याला ऐकू गेले की नाही, कळेना.

"बरं," तो म्हणाला. आवाज अगदी सरळ होता. "हो. बरं. उद्या. येतो आम्ही."

"मी खरंच..."

"नाही, नाही. ठीक आहे." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्याचा आवाज खाली गेला. "तिच्या फोनवर अजून तेच दिसतंय ना? ते कधी बदलणार?"

"आत्ताच. मी बटण दाबलं की लगेच. तुमच्यासाठीच थांबले होते."

"वाजतो का फोन, बदललं की?"

"हो."

इकडे आजोबा कानाला फोन लावून तिच्यासमोर येऊन उभा राहिला. नर्सचा आवाज त्याच्या कानाबाहेर सांडत होता. त्याने भुवया उंचावल्या. झालं? दाबतेस?

"हा तिचाच फोन. ठेवला की परत तिच्या ताटाशेजारीच जाणार," नवरा म्हणाला. "माझ्या नंबरवर फोन आला असता तर बरं झालं असतं, पण आता काय. तेवढं जेवण होऊ द्याल का तिचं? रात्री मी सांगेन, माझ्या पद्धतीने. आज कितीतरी दिवसांनी तिने मागून घेतलंय."

"अहो, कुणाशी कुजबुजताय?" मागून बाईंचा आवाज आला. "गार होतंय सगळं!"

"अगं दाब ना," आजोबा म्हणाला. "त्या नर्सबाई माझा जीव खातायत."

तिने माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि त्याला मानेनेच नाही म्हटलं.

"मी थांबते," ती फोनमध्ये म्हणाली. "तुम्ही बसा जेवायला. झालं की मला सांगा."

त्याने फोन ठेवला नाही, नुसता टेबलावर टेकवला असावा. तिने कानाचा काढला नाही. पलीकडे पळी भांड्याच्या तळाला लागली.

"एवढंसंच?" बाई म्हणाल्या. "अजून वाढा हो."