कडेचं मेंढरू

सोयगावहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं कागदाची पुडी रामहरीच्या हातावर ठेवली.

"दर सोमवारी काय धाडतात हो तुमचे वडील? अंगारा?"

"तसंच काहीसं," म्हणत रामहरी उस्मानपुऱ्यातल्या आपल्या खोलीकडे वळला.

पुडीत काळ्या दोऱ्याचा तुकडा होता. त्यानं तो टेबलावरच्या पट्टीवर ताणून धरला. एकवीस सेंटिमीटर, वर चार रेघा. आकडा वहीत उतरला, संगणकात गेला आणि पडद्यावरच्या वक्ररेषेवर चौदावा ठिपका पाखरासारखा अलगद येऊन बसला.

विद्यापीठात तो कर्करोगाच्या गाठी कशा वाढतात याचं गणित मांडत होता. त्याच्या समीकरणात पेशीपुढं दोनच वाटा असत: जागेवर राहून दुप्पट व्हायचं, किंवा वाढणं सोडून निघून जायचं. समीकरण देखणं होतं. पडताळायला आकडे नव्हते. माणसाला गाठ आली की उपचार सुरू होतात. उपचारांचा हात न लागलेली वाढ आठवड्याआठवड्यानं कोण मोजून ठेवणार?

"आकड्यांशिवाय ही नुसती सुंदर कल्पना आहे, रामहरी," त्याच्या मार्गदर्शक तनुजा मॅडम म्हणाल्या होत्या. जूनपर्यंत आकडे मिळाले नाहीत तर विषय बदलायचा होता. म्हणजे चार वर्षं पाण्यात.

आणि मार्चमध्ये गावाहून मुंजाबांचा, त्याच्या वडलांचा, फोन आला होता.

"राम्या, एका मेंढीच्या मांडीला गाठ आलीय. दुखत नाय, पण वाढतीय. तू त्यातलंच शिकतूस म्हणून इचारलं. धोक्याची असती का रं?"

रामहरी खुर्चीवरून उठून उभाच राहिला. "केवढी आहे?"

"लिंबाएवढी आसंल."

"आबा, तिला दवाखान्यात नेऊ नका."

"औषध करू नाय?"

"औषध दिलं की आकडे बिघडतात. दर रविवारी गाठीच्या बुडाशी दोरा गुंडाळा, टोकं भेटतील तिथं कापा आणि सोमवारच्या गाडीनं पाठवा. माझं सगळं काम इथंच अडलंय, आबा."

"तुझं काम व्हतंय ना? मंग ऱ्हाऊ दे."

तेव्हापासून दोरे येत राहिले. एकही रविवार चुकला नाही. फोनवर पूर्वी आबांच्या मागं मेंढरांच्या घंटा वाजत, शब्द नीट कळत नसत. आता आवाज स्वच्छ येई. गावात रेंज सुधारली असावी, असं रामहरीला वाटे. दोन वर्षांत त्याचं गावी जाणं झालं नव्हतं.

एकदा त्यानं वडलांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की गाठीतल्या कोणत्या पेशी आधी बाहेर पडतात, तेच त्याला उमगत नव्हतं. मुंजाबा हसले.

"ह्ये कळाया इद्यापीठ लागतं व्हय? मधल्या मेंढराला चारा नाय, वारं नाय, पर निघतं कडंचंच. त्याला मोकळं रान दिसतं."

त्याच दुपारी रामहरीनं समीकरणात मोकळ्या रानासाठी एक पद घातलं, आणि कित्येक महिने अडून बसलेली रेषा ठिपक्यांवरून वाहू लागली. तनुजा मॅडमना त्यानं ती कल्पना स्वतःची म्हणून सांगितली.

अकराव्या दोऱ्यापाशी वाढ मंदावली. समीकरण म्हणत होतं की पेशी आता गाठ सोडून निघाल्या आहेत, फुप्फुसांकडे. त्यानं लगेच फोन लावला.

"आबा, ती खोकते का?"

"व्हय. पंधरा दिस झाले."

रामहरीनं आनंदानं मूठ आवळली. "वा!"

"चांगलं हाय का ते?"

"लई चांगलं, आबा! तुम्हाला कल्पना नाही किती."

"मंग झालं तर," मुंजाबा म्हणाले.

चौदा ठिपक्यांचा आलेख तनुजा मॅडमनी चष्मा काढून पुन्हा पाहिला. "इतके आठवडे ते जनावर उपचारांविना ठेवलंत?"

"मेंढीच आहे, मॅडम."

मॅडम कागद परत देत म्हणाल्या, "फुप्फुसांचा तुकडा तपासून आणा. त्याशिवाय मी प्रबंधावर सही करणार नाही."

त्यानं गावी फोन केला. "आबा, रविवारी मी येतोय. तिला कापावं लागेल. आत कुठवर पसरलंय ते बघायचंय."

"कापायची?"

"त्याशिवाय सिद्ध होत नाही."

"ये," मुंजाबा हळूच म्हणाले. "लई दिस झाले तुला बघून."

रविवारी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रामहरी एसटीनं सोयगावला उतरला आणि वस्तीची वाट चालू लागला. घराशेजारी मेंढरांचं वाडगं होतं. त्यात गुडघाभर गवत माजलं होतं.

म्हाळसाबाई अंगणात भांडी घासत होती. लेकाला पाहून राखेच्या हातांनीच उठली. "आलास व्हय रं माज्या राजा! किती वाळलास!"

"माय, ती गाठवाली मेंढी कुठंय?"

"कंची मेंढी?" म्हाळसाबाई गोंधळून म्हणाली. "समदी मेंढरं इकून दोन सालं झाली. तुला सांगू नको म्हणले व्हते तुजे आबा."

डबा हातात तसाच राहिला. घरातून खोकल्याची लांबलचक उबळ ऐकू आली. ती थांबली तेव्हा मुंजाबांचा दमलेला आवाज आला.

"राम्या, आलास का रं? आजचं माप तूच घे, बाबा. मला आता वाकाया येईना."